विचारायचं होतं वेगळंच

घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे निघालात?' असं विचारू नये, हा दंडक आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत पाळला जातो. पायात चपला सरकवल्या, पिशवी उचलली आणि मागून कुणी 'कुठे' म्हटलं, की घरातलं वडीलधारं माणूस लगेच टोकतं, 'कुठे म्हणू नये, काम होत नाही.' मग निघालेला माणूस पुन्हा आत येतो, घोटभर पाणी पितो, क्षणभर टेकतो आणि नव्याने निघतो. पण विचारल्याशिवाय राहवतही नाही. म्हणून 'लांब का?' असं विचारायचं, नाहीतर 'दूर निघालात वाटतं?' निघणाऱ्यानेही 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं.

यातल्या शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही. पण ज्यांनी ही रीत घातली त्यांना माणसाचं मन नीट कळलेलं होतं, असं मला नेहमी वाटतं. विचारणाऱ्याला जाण्याचं ठिकाण समजून काही करायचं नसतं. तू निघालास हे मी पाहिलं आहे आणि तू परत येईपर्यंत माझं लक्ष दाराकडे राहील, एवढंच त्याला कळवायचं असतं. सिंधुदुर्गात गावच्या पाणंदीतून चालत गेलात, तर समोरून येणारा प्रत्येक जण 'खंय चल्लंस?' म्हणून विचारतो. 'हयसरच' एवढं उत्तर त्याला पुरतं. कुठे, कशाला, कुणाकडे, यातलं काहीही न कळता दोघंही समाधानाने पुढे जातात. शहरातून गेलेल्या माणसाला पहिले दोन दिवस ही चौकशी खटकते. तिसऱ्या दिवशी कुणी विचारलं नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

मूळचा पोलिश असलेला मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रिअंड बेटांवर जाऊन राहिला होता. १९२३ साली छापून आलेल्या एका निबंधात त्याने लिहिलं, की हवापाण्याची, तब्येतीची, कुठून आलास याची जी विचारपूस माणसं करतात ती माहिती मिळवण्यासाठी नसते. त्या बोलण्याने माणसं एकमेकांशी बांधली जातात. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी ही गोष्ट पुढे फार उचलून धरली. आपल्या आज्या-पणज्यांना ती निबंधाशिवाय ठाऊक होती.

पण मला एवढ्यावर थांबवत नाही. सगळेच प्रश्न माणसं बांधणारे नसतात. काही प्रश्न माणसाला तोडण्यासाठी विचारले जातात आणि गंमत म्हणजे त्यांचे शब्द तेच असतात. मायेने विचारलेला 'कुठले तुम्ही?' आणि जोखण्यासाठी विचारलेला 'कुठले तुम्ही?' कागदावर लिहिले तर दोन्हींत काना-मात्रेचाही फरक दिसणार नाही. मग ओळखायचं कसं? मला वाटतं, प्रश्नाचा खरा अर्थ उत्तरानंतर कळतो. उत्तर ऐकून विचारणारा जवळ येतो की मागे सरतो, ऐकायला थांबतो की पुढच्या माणसाकडे वळतो, यावरून.

आधी मायेच्या प्रश्नांकडे पाहू. मुंबईच्या गिरण्या भरात होत्या, तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार गिरणगावातल्या चाळींमध्ये एकेका खोलीत दाटीने राहत. बायकापोरं गावी. मधला दुवा म्हणजे पोस्टकार्ड. 'इकडील सर्व क्षेम आहे, तिकडील क्षेम कळवावे' ही ओळ त्या कार्डांवर इतक्या वेळा लिहिली गेली, की ती वाचताना कुणी थांबत नसे. खरं काय ते पुढे असायचं. गाय व्याली का, पाऊस लागला का, घर शाकारून झालं का, धाकट्याचा खोकला गेला का. खोकल्याच्या प्रश्नात बापाचा जीव अडकलेला असायचा, पण त्याची जागा गाय, पाऊस आणि घराच्या नंतर. गावी कार्ड वाचून दाखवणारा बहुधा पोस्टमन, नाहीतर शाळेचे गुरुजी. त्यांच्या तोंडून नवऱ्याचा प्रश्न ऐकायचा आणि उत्तरही त्यांच्याच हातून लिहून घ्यायचं. अशा वेळी 'घर शाकारलं का?' यात 'तू एकटी कशी निभावतेस?' हे सगळं कोंबून भरलेलं असे आणि ऐकणारीला ते बरोबर ऐकू येत असे.

ती कार्डं गेली, पण त्या प्रश्नांची घडण तशीच राहिली. मुलगा पुण्याला, बंगळूरला किंवा समुद्रापार असतो. आठवड्यातून एकदा फोन. आई भरभरून बोलते आणि मग फोन वडिलांकडे जातो. वडील विचारतात, 'पाऊस आहे का तिकडे?' मुलगा म्हणतो, 'आहे थोडा.' 'इकडे नाही अजून.' मग दोन्हीकडे गप्प. 'बरं, ठेव मग.' पुष्कळ मुलांना वाटतं, बाबांना आपल्याशी बोलायला काही नसतं. मला ते पटत नाही. ज्या पिढीला आपल्या पोराला 'तुझी आठवण येते' असं म्हणायला कुणी शिकवलंच नाही, ती पिढी पावसाचा आधार घेते. आभाळ दोघांच्याही डोक्यावर असतं. त्याच्याबद्दल बोलताना कुणाला अवघडायला होत नाही. अशा बापाला पावसाचं सविस्तर सांगावं. सकाळी निघताना कसं अंधारून आलं होतं, गाडी पाण्यात कशी बंद पडली, छत्री कुठे विसरली. तो सगळं ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी पारावर चार जणांना सांगेल.

सासरी गेलेल्या लेकीशी आई फोनवर बोलते, ते तर प्रश्नांचं एक निराळंच शास्त्र आहे. आईला ठाऊक असतं की फोन सासूच्या खोलीत आहे, किंवा नवरा शेजारी बसलेला आहे. 'सुखात आहेस ना?' असं विचारून उपयोग नाही, कारण 'हो' शिवाय दुसरं उत्तर येणारच नाही. म्हणून ती आडून विचारते. 'आवाज का बसल्यासारखा येतोय?' 'सर्दी झालीय गं.' 'औषध घेतलंस?' 'घेतलं.' 'मागच्या वेळीही सर्दीच होती.' यावर लेक काही बोलत नाही. मग आई म्हणते, 'बाबांना पाठवते रविवारी. तुझ्या आवडीची चटणी केलीय, ती घेऊन येतील.' या सगळ्या बोलण्यात दुःखाचा एकही शब्द नाही. शेजारी बसलेल्याला सर्दी आणि चटणीच ऐकू आली. पण एकीने विचारलं आहे, दुसरीने सांगितलं आहे आणि रविवारी वडील गाडीत बसणार आहेत.

जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं फार मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी केलं. खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेराची चौकशी ठायीठायी आहे. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, बाई जात्याला आणि देवाला जे विचारायची ते दिवसा माणसांना विचारायची तिला मुभा नव्हती. जातं गेलं, गिरणी आली. मुभा मात्र अजून पुष्कळ घरांत आलेली नाही, म्हणूनच आईला सर्दीच्या आडून विचारावं लागतं.

'जेवलास का?' हा प्रश्न तर आपल्याकडे नमस्काराच्या जागी वापरला जातो. त्याची थट्टाही फार होते. कुणी परीक्षेत नापास होवो, कुणाची नोकरी जावो, आई आधी जेवलास का म्हणून विचारते. मला ही थट्टा कधी आवडली नाही. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांची मुलं-नातवंडं आज आपल्या आसपास आहेत. त्या दुष्काळात माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी त्यांनी खाल्ली आणि पोरांना सुकडीवर जगवलं. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, हे सांगणारी माणसं मराठवाड्यात आणि सोलापूर-नगरकडे अजून भेटतात. त्यांच्या लेखी पोटभर जेवण झालं असणं हीच खुशाली. बाकीच्या अडचणी त्यानंतर. ज्याने भूक पाहिली आहे त्याच्या तोंडी हा प्रश्न वरवरचा राहूच शकत नाही, आणि ज्याने पाहिली नाही त्यानेही तो त्याच्याकडूनच उचललेला आहे.

असाच दुसरा प्रश्न 'पोचलास का?' एरवी त्याचा कंटाळा येतो. गाडीत बसल्यावर सांग, उतरल्यावर सांग, घरी शिरल्यावर सांग. पण २६ जुलै २००५चा मुंबईतला मंगळवार ज्यांना आठवतो, त्यांनी तरी या प्रश्नाला कंटाळू नये. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारनंतर लोकल बंद पडल्या. कलिना, कुर्ला, साकीनाका भागांत पाणी चढत गेलं, मिठी नदी शहरात शिरली. लाखो माणसं कचेऱ्यांतून निघून कंबरभर पाण्यातून चालत राहिली, काही जण गाड्यांतच रात्रभर अडकले. फोन लागत नव्हते, पुष्कळ भागांत वीज नव्हती. घरोघरी बायका-माणसं दाराशी उभी होती आणि 'पोचलास का?' हे विचारायलाही पलीकडे कुणी नव्हतं. रस्त्याकडेच्या वस्त्यांमधल्या लोकांनी दोर धरून अनोळखी माणसांना पाण्यातून पार केलं, बिस्किटं आणि चहा दिला आणि विचारलं, 'कुठे राहता? मग आज इथेच थांबा.' त्या रात्री कितीतरी माणसं ज्यांचं नावही माहीत नाही अशांच्या घरी झोपली. 'कुठे राहता?' या प्रश्नाचं त्यापेक्षा चांगलं रूप मी ऐकलेलं नाही. उत्तर कितीही लांबचं आलं तरी विचारणाऱ्याने दार उघडलं.

आता दार लावणाऱ्या प्रश्नांबद्दल.

घाटावर पाहुणा आला की गूळपाणी पुढे ठेवून 'पाव्हणं, गाव कोणतं?' असं विचारतात. यात अगत्य असतं, हे मी नाकारत नाही. तुमच्या गावची सोयरीक आमच्याकडे आहे, तुमच्या शेजारच्या वाडीत आमची आत्या दिली आहे, असं काहीतरी निघतं आणि परका माणूस अर्ध्या तासात नात्यातला होतो. पण हाच प्रश्न एक पाऊल पुढे जातो. 'गाव म्हणजे गावातच की मळ्यात? कुठली आळी?' मग 'आडनाव?' आडनावावरून उमगलं नाही, तर 'तुमच्यात लग्नं कुणाकुणाकडे होतात?' 'कुलदैवत कोणतं?' एव्हाना विचारणाऱ्याला काय हवं आहे हे दोघांनाही कळलेलं असतं. फक्त तो शब्द कुणी उच्चारत नाही. आणि ज्याला लहानपणापासून हे प्रश्न सोसावे लागले आहेत त्याला पहिल्याच प्रश्नाला, 'गाव कोणतं?' म्हटल्याबरोबर, पुढची सगळी वाट दिसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यांचं कुटुंब तेव्हा साताऱ्यात राहत होतं आणि वडील बाहेरगावी खजिनदाराच्या नोकरीवर होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावलं. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुलं आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. नवे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं. मुलं हरखलेली होती. वडिलांना पत्र वेळेवर न मिळाल्यामुळे न्यायला कुणीच आलं नव्हतं. गाडी गेली, फलाट रिकामा झाला, मुलं तिथेच उभी. स्टेशनमास्तरने जवळ येऊन चौकशी केली. तिकिटं पाहिली, का थांबलात म्हणून विचारलं. कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणांची मुलं वाटली आणि त्यांची अडचण ऐकून त्याला वाईटही वाटलं. मग त्याने विचारलं, तुम्ही कोण? नऊ-दहा वर्षांच्या मुलाने मागचापुढचा विचार न करता खरं सांगितलं. महार.

स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. तो मागे फिरला आणि आपल्या खोलीत निघून गेला. मुलं कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. नंतर तो पुन्हा आला, पण गाडीवाले त्यांना न्यायला तयार होईनात. दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडीवान राजी झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. त्या प्रवासात मुलांना रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. जवळचं जेवण तसंच राहिलं.

हा प्रसंग वाचताना मला दर वेळी त्या प्रश्नाच्या आधीचा स्टेशनमास्तर आठवत राहतो. तो क्रूर माणूस म्हणून मुलांकडे आलेला नव्हता. त्याला खरोखर कळवळा आला होता. त्याची मदत करायची तयारी होती, आणि तरी त्याने तो एक प्रश्न विचारला, कारण मदत कुणाला करायची हे त्याला आधी ठरवायचं होतं. मुलं तीच, अडचण तीच, संध्याकाळही तीच. एका उत्तराने कळवळा आटला. 'तुम्ही कोण?' यामागे काय दडलं होतं ते त्या मुलाला दहाव्या वर्षी समजलं आणि पुढे त्याने सगळ्या देशाला समजावून सांगितलं.

तो काळ गेला, असं म्हणून आपण सुटका करून घेतो. पण पुण्या-मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्या कुणालाही विचारा. फोनवर सगळं ठरतं, अनामत रक्कम ठरते, किल्ली कधी घ्यायची ते ठरतं आणि शेवटी विचारलं जातं, 'पूर्ण नाव काय म्हणालात?' नाहीतर, 'घरात मांस-मच्छी शिजतं का?' उत्तर दिलं, की 'मालकांना विचारून सांगतो' आणि मग फोन उचलला जात नाही. नकाराचा शब्द कुठेही नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार? कचेरीत नवा माणूस आला की जेवणाच्या सुट्टीत त्याच्या डब्यावरून, देवावरून, आडनावावरून असाच अंदाज घेतला जातो. २०२५ साली बीड जिल्ह्यातल्या पोलिसांनी आपल्या नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढली आणि फक्त पहिली नावं ठेवली. जातीवरून पेटलेल्या त्या जिल्ह्यात ही साधी गोष्ट नव्हती. पाटीवरून आडनाव गेल्याने मनातून जात जात नाही, हे खरंच. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला समोरच्या साहेबाचं आडनाव वाचून आपली काय पत राहील याचा हिशेब निदान दारातच करावा लागत नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो.

लग्नकार्यातल्या प्रश्नांबद्दल फार लिहीत नाही. 'यंदा कर्तव्य आहे का?', 'मग, पेढे कधी?', 'काही गोड बातमी?' हे विचारणारे बहुतेक जण उत्तर ऐकायला थांबतही नाहीत. अक्षता टाकून पंगतीकडे वळतात. पण ज्या जोडप्याचे उपचार चालू आहेत किंवा ज्यांचं मूल पोटातच गेलं आहे, त्यांच्यासाठी तो मांडव ओलांडणं कठीण होतं. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मान्य. पण सहज म्हणून विचारलेलं सहजच जिव्हारी लागतं. लग्नाला किंवा बारशाला आलेल्या बाईला विचारायला दुसरं पुष्कळ आहे. तिचं काम कसं चाललंय, हल्ली काय वाचते, आईचे गुडघे कसे आहेत.

याच्या अगदी उलट प्रकार डॉक्टरांच्या खोलीत घडतो. तिथे प्रश्न असतो, पण विचारवत नाही. तपासणी होते, कागद पाहून होतात, औषधं लिहून होतात. माणूस उठतो, पिशवी सावरतो, दारापर्यंत जातो आणि तिथे वळून म्हणतो, 'डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. वैशाखात लेकीचं लगीन काढलंय. दगदग चालंल ना?' जाणत्या डॉक्टरला कळतं, की तपासणीची खरी वेळ आत्ता सुरू झाली. दगदगीचं निमित्त आहे. वैशाख मला दिसेल का, असं तो माणूस विचारतो आहे. 'हो, हो, जास्त धावपळ करू नका' म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारता येते. बाहेर चाळीस माणसं खोळंबलेली असताना तसं होतंही. पण काही डॉक्टर लेखणी खाली ठेवतात आणि म्हणतात, 'बसा. लग्नाची तारीख काढली का?' त्या दोन-तीन मिनिटांत डॉक्टर जे सांगतात त्याने आजार पालटत नाही. पण तो माणूस लग्न पुढे ढकलायचं की अलीकडे घ्यायचं हे ठरवू शकतो, घरी काय सांगायचं ते ठरवू शकतो. दारात वळून विचारलेल्या प्रश्नाला बसवून उत्तर देणारा डॉक्टर ज्याला भेटला, तो त्याचं नाव जन्मभर काढतो.

आणि सगळ्यांत जास्त वापरला जाणारा, सगळ्यांत पोकळ झालेला प्रश्न म्हणजे 'काय, कसं काय?' पश्चिम महाराष्ट्रात 'काय म्हणतासा?', विदर्भात 'कसं चालू हाये?', गोव्यात 'कितें खबर?' उत्तर ठरलेलं: बरं चाललंय, मजेत, तुमची कृपा. पिकाला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलंय, सावकार दोनदा येऊन गेलाय, तरी एसटीच्या फाट्यावर भेटलेल्या माणसाला शेतकरी 'बरं हाये' म्हणूनच सांगतो. खोटं बोलायची त्याला हौस नाही. विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचं नाही, हे त्याला दिसत असतं. विचारणारा चालता चालता विचारतो, गाडीवरून पाय खाली न टेकता विचारतो. माणूस गेल्यावर गावात सगळे म्हणतात, परवाच भेटला होता, चांगला बोलला.

ऑस्ट्रेलियात दर सप्टेंबरमध्ये एक दिवस या एका प्रश्नासाठी पाळला जातो. गॅव्हिन लार्किन नावाच्या माणसाच्या वडिलांनी १९९५ साली आत्महत्या केली होती. २००९ साली त्याने ही मोहीम सुरू केली. तू बरा आहेस ना, एवढंच जवळच्या माणसाला विचारायचं, आणि उत्तरासाठी थांबायचं. थांबणं हा त्यातला मोठा भाग आहे. आपल्याकडे विचारण्याची काही कमतरता नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत आपण एकमेकांना विचारतच असतो. कमी पडतं ते थांबणं.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. ओळखीतला एखादा माणूस हल्ली कमी बोलतो, पारावर येईनासा झाला आहे, हिशेब मिटवायची, जनावरं विकायची, आपल्या वस्तू कुणाकुणाला देऊन टाकायची घाई करतो आहे असं दिसलं, तर त्याला 'कसं काय?' विचारून पुढे जाऊ नका. गाडी बाजूला लावा. 'बरं आहे' म्हणाला, तर शेजारी बसा आणि पुन्हा विचारा. जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार मनात येतो का, हेही स्पष्ट विचारा. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने हे वारंवार सांगितलं आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणसाला मोकळं होता येतं. त्याने 'हो' म्हटलं, तर उपदेश करू नका, त्याला एकटं सोडू नका आणि जाणकाराची मदत घ्या. फोनवर मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तो चोवीस तास चालतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि तिथे मराठीत बोलता येतं.